गेमची चित्रं काढायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? क्रिटा, एसप्राइट, फोटोशॉप की आणखी काही?

कातळकडा | ४ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी साताऱ्यात एका फ्लेक्स छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करते. दिवसभर कोरलड्रॉ. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या आहेत, हातात पेन्सिल लहानपणापासून आहे. माझा मावसभाऊ गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर एक गेम करतोय आणि चित्रांचं सगळं माझ्याकडे आलं आहे. गेम असा: शिवकाळातला एक जासूद, भर पावसात थैली घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडाकडे निघालाय. धावायचं, उड्या मारायच्या, कडा चढायचा, ओढे ओलांडायचे. बाजूने दिसणारा साधा टूडी गेम. वर काळा कातळ, खाली घाट उतरला की कोकणातल्या वाड्या आणि जांभ्याचे गडगे.

पहिला प्रयत्न मी कोरलमध्येच केला. जासूद काढला, पीएनजी केली, भावाने गेममध्ये टाकली. अंगाभोवती बारीक पांढरी रेघ दिसायला लागली, आणि धावताना तो धूसर दिसतो. भाऊ म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअर बदल." आता कुठलं घेऊ ते सांगा. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. जुना, बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट आहे. एकदाच दीड-दोन हजार घालवायला हरकत नाही, पण दरमहा पैसे भरणं जमणार नाही.

चौकट | ४ जुलै, रात्री ११.०५

स्वागत आहे. जासूद हा विषयच किती छान निवडलात! गडांवरचे गेम म्हटले की तलवार आधी येते, निरोप पोचवणारा माणूस कुणाला आठवत नाही.

सॉफ्टवेअरचं सांगतो, पण आधी दोन गोष्टी ठरवा. चित्र पिक्सेल आर्टचं, म्हणजे ठिपका-ठिपका मांडून केलेलं, असणार की रंगवलेलं? आणि गेमचा मूळ पडदा किती पिक्सेलचा? भावाला विचारून हे दोन आकडे इथे लिहा. ते ठरल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे भिंत किती मोठी ते न बघता ब्रश आणायला जाणं.

आणि पांढरी रेघ कोरलमुळे आलेली नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ती येऊ शकते. त्यावर पानशेत सविस्तर लिहितील, त्यांचा रोजचा विषय आहे.

कातळकडा | ५ जुलै, सकाळी ७.४०

भाऊ म्हणतो मूळ पडदा ३२० बाय १८० ठेवू. मला कारण कळलं नाही. पिक्सेल आर्ट करावं असं त्याला वाटतं, कारण ते सोपं असतं म्हणे. मला मात्र मागचे डोंगर, धुकं, पाऊस हे रंगवायला आवडेल.

चौकट | ५ जुलै, सकाळी ९.२०

कारण सोपं आहे. ३२० बाय १८० ला चारने गुणलं की १२८० बाय ७२०, सहाने गुणलं की १९२० बाय १०८०. दोन्ही नेहमीचे पडदे. पूर्ण आकड्याने गुणल्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा चौकोन सगळीकडे सारखा राहतो. साडेचारने गुणलंत तर काही ठिपके जाड आणि काही बारीक होतात, धावताना ते डोळ्याला टोचतात. २०१८ मध्ये आलेला सेलेस्ट हा गेमही ३२० बाय १८० वरच काढलेला आहे.

आता पिक्सेल आर्ट सोपं असतं, हे भावाच्या डोक्यातून काढा. ते लहान असतं, सोपं नसतं. ३२ पिक्सेल उंचीच्या माणसात डोक्याला सात-आठ पिक्सेल मिळतात. त्यात पागोटं, कपाळ, डोळा, मिशी. एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला की जासुदाचा शिपाई होतो. मी पहिल्यांदा फेटेवाला माणूस काढला तेव्हा सहा जणांना दाखवला, चौघांनी विचारलं हेल्मेट का घातलंय. फेट्याच्या एका बाजूला दोन पिक्सेलचा शेमला सोडला, तेव्हा कुठे लोकांना फेटा दिसला.

पात्रं आणि टाइल्स (शेजारीशेजारी लावून जमीन-भिंती करायचे चौकोनी तुकडे) पिक्सेलमध्ये करणार असाल तर माझं मत एसप्राइट. डेव्हिड कापेलो यांनी ते लिहिलं, आज त्यांची इगारा स्टुडिओ ही कंपनी ते चालवते. किंमत वीस डॉलरच्या आसपास, एकदाच भरायची. चाचणीसाठीची प्रत फुकट मिळते, पण तिच्यात काम सेव्ह करता येत नाही. सोर्स कोड खुला ठेवलेला आहे, तो स्वतः कंपाइल करून स्वतःच्या वापरासाठी घेतला तर पैसे लागत नाहीत. भाऊ प्रोग्रामर आहे, त्याला ते जमेल. पण परवडत असेल तर विकत घ्या, पैसे एका छोट्या टीमला जातात.

त्यातलं मला आवडणारं सांगतो. हाताने तिरपी रेघ ओढली की कोपऱ्यात जोड-पिक्सेल पडतात, रेघ गाठाळ होते. एसप्राइटच्या पेन्सिलीला 'पिक्सेल परफेक्ट' अशी खूण आहे, ती केली की त्या गाठी आपोआप गळतात. खाली टाइमलाइन असते, मागची-पुढची फ्रेम फिकी दिसत राहते, त्यामुळे पाय कुठून कुठे गेला ते समजतं. 'धावणे', 'उडी', 'चढणे' अशी फ्रेमच्या गटांना नावं देता येतात. शेवटी सगळ्या फ्रेम एका शीटवर आणि सोबत कुठली फ्रेम कुठे आहे त्याची जेसन फाइल, असं बाहेर पडतं. भाऊ ती गोडोत वाचून घेईल. १.३ आवृत्तीपासून टाइलमॅपही, म्हणजे टाइलांची मांडणीही, आतच करता येतो.

फुलोरा | ५ जुलै, दुपारी १.३०

मी रत्नागिरीत लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, गेमसाठी दोनदाच काम केलं आहे. पण डोंगर, धुकं, पाऊस हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. यासाठी क्रिटा घ्या. पूर्ण फुकट, मुक्त स्रोत, केडीई समूहाचा प्रकल्प. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. फुकट आहे म्हणून कुठे कमी पडत नाही, ते मुळात रंगवणाऱ्यांसाठीच बांधलेलं आहे. ओल्या रंगासारखे ब्रश, कोरड्या खडूसारखे ब्रश सगळे आतच येतात. उजवं क्लिक केलं की पेनाच्या टोकाशीच गोल तबक उघडतं, त्यात आवडते ब्रश आणि रंग. बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर हात सारखा कोपऱ्यात न्यावा लागत नाही, त्यामुळे खांदा वाचतो.

टॅब्लेटचा दाब लागत नसेल तर घाबरू नका. क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅब्लेटच्या पानावर विनटॅब की विंडोज इंक असा पर्याय असतो. एक चालत नसेल तर दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून परत उघडा.

आता जांभ्याच्या गडग्याचं. क्रिटामध्ये डब्ल्यू ही कळ दाबली की तुमचं चित्र चारी दिशांना स्वतःचीच पुनरावृत्ती करत पसरतं. उजव्या कडेबाहेर गेलेला ब्रश डाव्या कडेतून आत येतो. टाइलचा सांधा राहतच नाही. मी एकदा जांभ्याची टाइल अशीच केली होती. सांधा उत्तम जुळला, दगडाचा तांबूस, त्यातली पिवळट माती, बारीक भोकं, सगळं मनासारखं. गेममध्ये वीस टाइल एकापुढे एक लावल्या आणि बघते तर काय, वरच्या उजव्या कोपऱ्याजवळचं एक भोक बाकीच्यांपेक्षा थोडं काळं झालं होतं. एकट्या टाइलमध्ये ते कळत नव्हतं. भिंत झाल्यावर तेवढंच दिसायला लागलं, सारख्या अंतरावर, साडीवरच्या बुट्ट्यांसारखं. त्यामुळे टाइल करताना सतत डोळे बारीक करून बघा, कुठलाही ठिपका एकटा पुढे यायला नको. आणि एकाच टाइलवर भिंत उभी करू नका, तीन-चार भावंडं करा. एकीत जास्त भोकं, एकीत शेवाळ, एकीत दगडाचा कोपरा फुटलेला. पावसाळ्यातला गडगा म्हणजे शेवाळ हवंच, त्यावर नेच्याची दोन पानं.

पानशेत | ५ जुलै, रात्री ९.१५

चौकटने नाव घेतलं म्हणून आलो. पुण्यात गेम आर्टचं काम करतो, बारा वर्षं झाली.

पांढऱ्या रेघेचं कारण असं. पीएनजीतला पारदर्शक पिक्सेल दिसत नाही, पण त्याला रंग असतो. बहुतेक वेळा पांढरा किंवा काळा. गेममध्ये चित्र लहान-मोठं झालं किंवा अर्ध्या पिक्सेलने सरकलं की इंजिन शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं. तुमच्या जासुदाच्या कडेचा तपकिरी आणि त्याला लागून असलेला न दिसणारा पांढरा मिसळतात, आणि पांढरट कड तयार होते. उपाय दोन. गोडोत चित्र इंपोर्ट करताना 'फिक्स अल्फा बॉर्डर' ही खूण चालू आहे का ते भावाला बघायला सांगा, ती पारदर्शक पिक्सेलांत शेजारचाच रंग भरते. शिवाय पिक्सेल आर्ट असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टेक्स्चर फिल्टर 'लिनियर' असतो तो 'निअरेस्ट' करायचा. धूसरपणाही त्यानेच जाईल.

टाइलच्या मधून कॅमेरा हलताना केसासारखी बारीक फट चमकते, ती याच घरातली गोष्ट. गोडो ४ मध्ये टाइलसेटला पॅडिंगची, म्हणजे टाइलच्या कडेला जादा पिक्सेल ठेवायची, सोय आहे. दुसऱ्या इंजिनसाठी शीट करत असाल तर प्रत्येक टाइलच्या कडेचा रंग एक-दोन पिक्सेल बाहेर ओढून ठेवायचा.

सॉफ्टवेअरबद्दल. फोटोशॉप १९९० पासून आहे, आणि आमच्या क्षेत्रात फाइलींची देवाणघेवाण अजून बरीचशी पीएसडी या त्याच्या फाइलप्रकारातच होते. तुम्हाला पुढे स्टुडिओत नोकरी करायची असेल तर ते यायला हवं, हे स्पष्ट सांगतो. पण २०१३ पासून नवीन आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. तुम्ही दरमहा भरणार नाही म्हणालात, आणि तुमच्या गेमला त्याची गरजही नाही. क्रिटा पीएसडी उघडतं आणि लिहितं, फक्त गुंतागुंतीची फाइल जशीच्या तशी उघडेलच असं समजू नका. लेयर आणि मास्क नीट समजले की सॉफ्टवेअर बदलायला पंधरा दिवस लागतात.

एक चूक मात्र माझ्याकडून झालेली सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. सुरुवातीच्या एका नोकरीत मी जंगलाची पूर्ण पार्श्वभूमी नेहमीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या कलर प्रोफाइलमध्ये रंगवली. माझ्या पडद्यावर हिरवा असा की बघत राहावं. गेममध्ये गेल्यावर तोच हिरवा आजाऱ्यासारखा. इंजिनने चित्राला चिकटवलेलं कलर प्रोफाइल वाचलंच नाही, बहुतेक इंजिनं वाचत नाहीत. नऊ थर होते, तीन रात्री जागून परत जुळवले. त्यामुळे नवीन कॅनव्हास उघडताना एसआरजीबी हे नेहमीचं प्रोफाइल आणि ८ बिट, बस. तुमच्या फ्लेक्सच्या कामात सीएमवायके असतं, ती सवय इथे आणू नका.

सांजवारा | ६ जुलै, सकाळी ८.०२

आयपॅड असेल तर प्रोक्रिएट पण बघा ना. एकदाच पैसे, हात एकदम मोकळा चालतो.

कातळकडा | ६ जुलै, सकाळी ८.३०

आयपॅड नाही. घेण्याची ऐपतही सध्या नाही. पण सुचवल्याबद्दल मनापासून आभार.

पानशेत, रेघ गेली!! भावाने निअरेस्ट केलं आणि धूसरपणाही गेला. दोन आठवडे मी स्वतःच्या चित्राला दोष देत होते.

एक शंका. क्रिटामध्ये डोंगर काढायला ४००० बाय ४००० चा कॅनव्हास घेतला. मोठा घेतला की चांगलं, असं वाटलं. पंधरा-सोळा लेयर झाल्यावर लॅपटॉप अडकायला लागला. क्रिटा जड आहे का?

पानशेत | ६ जुलै, दुपारी १२.४५

हिशोब करून बघा. एका पिक्सेलला चार बाइट: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. ४०९६ बाय ४०९६ चा एक पूर्ण भरलेला लेयर म्हणजे ६४ एमबी. सोळा लेयर म्हणजे १ जीबी. त्यावर मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या, शिवाय विंडोज, शिवाय ब्राउझर. १६ बिट निवडलं असेल तर हे सगळं दुप्पट. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी ८ जीबीत ते दमणारच.

तुमचा पडदा ३२० बाय १८० आहे. मागचा डोंगर पडद्याच्या तिप्पट लांब धरला तरी ९६० पिक्सेल. तेवढ्याच आकारात रंगवा, फार तर दुपटीत रंगवून खाली आणा. आणि डिस्कवर पीएनजी लहान दिसते म्हणून गाफील राहू नका. २०४८ बाय २०४८ चं चित्र फाइल म्हणून ३०० केबीचं असलं तरी गेम चालताना न दाबलेल्या स्वरूपात ग्राफिक्स मेमरीत १६ एमबी खातं.

चौकट | ६ जुलै, दुपारी ३.१०

दुपटीत रंगवून खाली आणा, याला माझा विरोध आहे. पार्श्वभूमी मऊ रंगवलेली आणि पात्र कडक पिक्सेलचं असलं की पात्र वरून चिकटवल्यासारखं दिसतं. सगळा पडदा एकाच ठिपक्यात हवा. खाली आणताना सरासरीने शेकडो अधलेमधले रंग तयार होतात आणि पिक्सेल आर्टची शिस्त मोडते. लॉस्पेक या साइटवर तयार रंगपेट्या मिळतात, १६ किंवा ३२ रंगांची एक घ्यावी आणि डोंगरही त्यातच काढावेत.

फुलोरा | ६ जुलै, दुपारी ४.००

आणि माझा याला. सह्याद्रीतलं धुकं ३२ रंगांत कोंबायचं कशासाठी? पुढचं पात्र कडक आणि मागचे डोंगर मऊ, हे डोळ्याला उलट मदतच करतं. पावसात खरोखर तसंच दिसतं. जवळचा दगड ठसठशीत, पलीकडची डोंगररांग निळसर करडी, तिच्या पलीकडची फक्त एक छटा. रंगपेटी ठेवा, पण आठ-दहा मुख्य रंगांची, आणि दोन्हीकडे तीच. जासुदाच्या अंगरख्याचा मळका पांढरा धुक्यात यायला हवा, कातळाचा काळा त्याच्या पायतणात. रंग एका घरातले असले की ब्रश वेगळा असला तरी चालतं.

पानशेत | ६ जुलै, संध्याकाळी ६.२०

दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींचे गेम लोकांनी खेळले आहेत. पण धोरण एकदा ठरलं की सगळ्यांनी ते पाळावं लागतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने केलेला राजी हा गेम, २०२० चा. राजस्थानातली वास्तुकला आणि पहाडी लघुचित्रं समोर ठेवून त्यांनी त्याचं रूप बांधलं. द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला पदार्पणाच्या इंडी गेमसाठी नामांकन होतं. तो थ्रीडी आहे, अनरियल इंजिनमध्ये केलेला, तुमच्यापेक्षा कामाचा पसारा कितीतरी मोठा. तरी बघा. दरवाजा असो, दगड असो की आभाळ, सगळं एका हातचं वाटतं.

कातळकडा, तुम्ही एकच पडदा पूर्ण करा. एक डोंगर, एक कातळाची टाइल, जासुदाचं आठ फ्रेमचं धावणं. तो भावाच्या गेममध्ये चालू द्या. फुलोरांचं बरोबर की चौकटचं, ते त्या पडद्यावर दिसेल.

जुनी_कॅसेट | ६ जुलै, रात्री १०.५०

वाचून राहवलं नाही. माझं वय आता अठ्ठावन्न. नव्वदच्या सुमाराला कोल्हापुरात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर नावं टाकायचं काम करायचो. मालकाकडे अमिगा संगणक होता आणि त्यावर डिलक्स पेंट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. डॅन सिल्व्हा यांनी लिहिलेलं, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८५ मध्ये काढलेलं. ४०९६ रंगांतून ३२ निवडायचे आणि त्यातच सगळं लग्न बसवायचं, शालू, अक्षता, हार, सगळं.

त्या काळी कितीतरी गेमची चित्रं त्यावरच झाली. मंकी आयलंड नावाच्या गेममधल्या नायकाचं नाव गायब्रश आहे, ते डिलक्स पेंटमुळेच पडलं. नाव सुचेना म्हणून चित्रकाराने फाइलला नुसतं 'गाय', म्हणजे माणूस, असं नाव दिलं होतं. डिलक्स पेंटमध्ये कापून ठेवलेल्या चित्राला ब्रश म्हणायचे, तो शब्द फाइलच्या नावाला जोडला गेला आणि तेच नाव पुढे राहिलं.

पोरी, तुझ्या गेममध्ये पाऊस आहे, ओढे आहेत, म्हणून एक सांगतो. आम्ही धबधबा काढायचो त्याला एकही जादा फ्रेम लागायची नाही. पाण्याचे पट्टे चार निळ्यांत रंगवायचे, एकाखाली एक, ओळीने. मग मशीनला सांगायचं, या चार घरांतले रंग फिरव. पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, चौथ्याचा पहिल्यात. चित्र जागचं हलत नाही, फक्त रंग घरं बदलतात, आणि पाणी खाली धावायला लागतं. मालकाने पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मी चहा हातात धरून तसाच उभा राहिलो होतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे कसं करायचं ते तरुण मंडळींनी सांगावं.

आडवाट | ७ जुलै, सकाळी १०.३०

काका, काय सुंदर आठवण! आज हे शेडरने, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, करता येतं. चित्रात पाण्याचे पट्टे चार वेगवेगळ्या करड्या छटांत काढायचे. शेडरला सांगायचं की ही छटा दिसली की रंगांच्या छोट्या पट्टीतला अमुक क्रमांकाचा रंग दाखव, आणि वेळेनुसार क्रमांक एकेक पुढे ढकल. गोडोत दहा-पंधरा ओळींचं काम आहे. एसप्राइटमध्ये चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये ठेवलं तर प्रत्येक पिक्सेल म्हणजे रंगपेटीतल्या घराचा क्रमांकच असतो, त्यामुळे चारच छटा वापरल्या जातील याची खात्री राहते. चित्र एकच, मेमरी नगण्य. संध्याकाळच्या प्रसंगात तीच रंगपट्टी बदलून पाणी तांबूस करता येईल.

मी प्रोग्रामर आहे, चित्रातलं फार कळत नाही, पण मराठी अक्षरांबद्दल सांगायलाच हवं. गेममध्ये संवाद मराठीत असतील ना? मग चित्रकाराने क, ख, ग असं एकेक अक्षर काढून शीट करायची आणि प्रोग्रामरने ती जोडायची, या वाटेने जाऊ नका. इंग्रजीत ते जमतं, देवनागरीत नाही. पहिली वेलांटी टाइप करताना अक्षरानंतर येते आणि दिसते आधी. जोडाक्षरं, रफार, 'श्र', 'क्ष' हे सगळं वेगळं घडवावं लागतं. गोडो ४ मध्ये हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आत आहे, ते ही जुळणी बरोबर करतं, त्यामुळे खरा देवनागरी फॉन्ट वापरा. युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये मजकुरासाठी टेक्स्टमेशप्रो वापरणारे इथे अडकतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते.

आणि जागा आधीच मोकळी ठेवा. इंग्रजी पिक्सेल फॉन्ट आठ पिक्सेल उंचीत मजेत बसतो. आपल्याकडे शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. 'किल्ल्यांमध्ये' हा एक शब्द आठ पिक्सेलात वाचता येईल असा काढून बघा. मला चौदा-सोळाच्या खाली तो कधी जमला नाही. १८० उंचीच्या पडद्यावर संवादाची चौकट दोन ओळींची केलीत तर चाळीसेक पिक्सेल तिथेच जातात, म्हणजे पडद्याचा पाचवा हिस्सा. पार्श्वभूमी काढताना खालच्या त्या पट्टीत महत्त्वाचं काही ठेवू नका.

कातळकडा | ७ जुलै, रात्री ११.२०

सगळं वहीत उतरवून घेतलं. काका, तुमचा धबधबा मी नक्की करणार.

फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. मी संवादाची चौकट सगळ्यात वर, गडाच्या बुरुजावरच टाकली होती.

एक विचारते. गिंप कुणी वापरतं का? दुकानातला सहकारी म्हणतो तेच घे.

पानशेत | ८ जुलै, सकाळी ९.००

गिंप १९९५ पासून चालत आलेला भक्कम मुक्त प्रकल्प आहे आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लावून नंतर बदलताही येतात. फोटो दुरुस्त करायला, शंभर चित्रं एकदम कापायला, शीटवर शेवटचा हात फिरवायला मी ते ठेवतो. पण कोऱ्या कॅनव्हासवर चित्र रंगवायला क्रिटाच.

चौकट | ८ जुलै, सकाळी ९.४०

आणि पैसे अजिबात घालायचे नसतील तर पिक्सेलोरामा. फुकट, मुक्त स्रोत, आणि गंमत म्हणजे गोडोतच बांधलेलं आहे. भावाला आवडेल. जेपीजी मात्र कुठेच वापरू नका, ना पात्राला ना टाइलला. त्यात पारदर्शकता नसते आणि आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांत रंग गढूळ होतात.

कातळकडा | २९ जुलै, रात्री ९.५०

तीन आठवड्यांनी येते आहे. श्रावणाच्या आधीची छपाईची गर्दी होती, रात्री दहानंतरच बसायला मिळायचं.

पडदा पूर्ण झाला. सांगितल्याप्रमाणे एकच.

पात्र आणि कातळ एसप्राइटमध्ये. चार दिवस चाचणीच्या प्रतीत हात बसवला, मग विकत घेतलं. डोंगर क्रिटामध्ये, ९६० बाय १८०. तीन थर. सगळ्यात मागचा फक्त एका छटेचा, फुलोराताई म्हणाल्या तसा. आधी चौकट यांच्या म्हणण्याप्रमाणे ३२ रंगांत काढून पाहिला होता. तो नीट होता, वाईट नव्हता. पण धुक्याच्या जागी पायऱ्या दिसत होत्या, आणि मी ज्या डोंगराकडे बघत मोठी झाले तो तसा दिसत नाही. म्हणून मऊ ठेवला. रंग मात्र दोन्हीकडे मिळून अकराच मुख्य.

कातळाच्या चार टाइल केल्या. पहिल्या वेळी माझ्याही एका टाइलमध्ये एक पांढुरका ठिपका राहिला होता, भिंत लावल्यावर सापडला.

जास्त वेळ धावण्याला लागला. आठ फ्रेम. चार दिवस तो धावत होता, पण घाईत आहे असं वाटत नव्हतं. पाय बदलले, हात बदलले, कंबर वाकवली. मग लक्षात आलं, पागोट्याचा शेमला डोक्याबरोबरच वरखाली होतोय. तो एक फ्रेम मागे ठेवला. डोकं वर गेलं तेव्हा शेमला अजून खाली, डोकं खाली आलं तेव्हा तो वर. दोन पिक्सेल आहेत फक्त. भावाला काही न सांगता नवीन फाइल दिली. त्याने खेळून बघितलं आणि विचारलं, "ताई, याचा वेग वाढवलास का?" वेगाला मी हातही लावलेला नाही.

जुनी_कॅसेट | २९ जुलै, रात्री १०.३५

शाब्बास पोरी. आणि धबधबा?

कातळकडा | २९ जुलै, रात्री १०.४१

पट्टे काढून झालेत काका, चार छटांत. भाऊ शेडर लिहितोय. आत्ता पाणी उलटं, वरच्या दिशेने चाललंय. क्रमांक उलटे फिरवायला सांगितलेत, झालं की इथेच टाकते.